पावनखिंड कोणत्या युगात?

एक सोपा प्रश्न विचारते. पावनखिंडीची लढाई मध्ययुगीन की आधुनिक?

बहुतेक जण क्षणभरही न थांबता 'मध्ययुगीन' म्हणतील. शाळेत आपण तसेच शिकलो. बालभारतीची २०१६ ते २०१८ या वर्षांत आलेली पुस्तके पाहा. सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुगीन, आठवीला आधुनिक. शिवाजी महाराज सातवीत येतात, म्हणून पावनखिंड मध्ययुगात. हिशेब संपला!

वर्गात ही वाटणी उपयोगी पडते, हे इतक्या वर्षांच्या शिकवण्यावरून सांगते. बारा वर्षांच्या मुलाला घटना टांगून ठेवायला खुंट्या लागतातच. पण वर्गात खुंटीशेजारी बाई उभ्या असतात. एखादा चुणचुणीत मुलगा उठून "बाई, असं कसं?" म्हणाला की त्याला दोन गोष्टी जास्तीच्या सांगता येतात. आता याच खुंट्या संगणकाच्या पोटात ठोकल्या जात आहेत आणि तिथे शेजारी उभे राहणारे कोणी नाही. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

झाले असे, की माझी एक भाची पुण्यात संगणकाच्या कामात आहे. तिच्याकडे जगातल्या ऐतिहासिक युद्धांची एक लांबलचक यादी आली आहे आणि प्रत्येक युद्धापुढे 'युग' हा रकाना भरायचा आहे. रकान्यात एकच शब्द बसतो. मराठ्यांच्या युद्धांपाशी गाडी अडली तेव्हा तिचा फोन आला. "मावशी, मला फक्त एक शब्द सांग, बाकीचं नको." आता इतिहासाच्या शिक्षकाकडे एक शब्द मागणे म्हणजे... असो. एक शब्द काही निघाला नाही, हा लेख मात्र निघाला.

आमच्या नातेवाईक वाचकांसाठी आधी थोडे स्पष्टीकरण. भाची ज्यात काम करते त्याला 'नॉलेज ग्राफ' म्हणतात. मी त्याला ज्ञानजाल म्हणते. गूगलने आपले ज्ञानजाल मे २०१२ मध्ये आणले आणि विकिपीडियाच्या मंडळींचे 'विकिडेटा' त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाले. कल्पना आपल्या वंशावळीसारखीच आहे. वंशावळीत माणूस म्हणजे एक ठिपका आणि दोन ठिपके जोडणारी रेघ म्हणजे नाते. इथे ठिपका कशाचाही असू शकतो. किल्ला, राजा, लढाई, तह, गाव, काहीही. प्रत्येक रेघ म्हणजे एक छोटेसे वाक्य असते. उदाहरणार्थ:

पन्हाळ्याचा वेढा – ठिकाण – पन्हाळगड.
पन्हाळ्याचा वेढा – सुरुवात – मार्च १६६०.
सिद्दी जौहर – कोणाचा सरदार – विजापूरची आदिलशाही.

अशी कोट्यवधी वाक्ये एकमेकांत गुंफली की आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यंत्राला त्यातून काढता येते. वरची तिन्ही वाक्ये तपासता येतात. पत्रे काढा, शकावल्या काढा, फारसी आणि इंग्रजी कागद काढा आणि ताडून पाहा. चुकले असेल तर दुरुस्त करा.

आता चौथे वाक्य घ्या. 'पन्हाळ्याचा वेढा – युग – मध्ययुग.' दिसायला हे वाक्य पहिल्या तिघांच्याच पंक्तीत बसते, पण त्याची जातकुळी वेगळी आहे. ते कोणत्या कागदात सापडेल? १६६० साली पन्हाळ्याच्या तटाच्या आत किंवा बाहेर असलेल्या एकाही माणसाला आपण मध्ययुगात राहतो हे ठाऊक नव्हते. ते कोणीतरी मागाहून, लांबून, आपल्या सोयीसाठी दिलेले नाव आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्ञानजालात युद्धाची तारीख ही माहिती म्हणून लिहावी आणि युग हे मत म्हणून लिहावे. आणि मत म्हटले की ते कोणाचे आणि कोणत्या प्रदेशापुरते, हे लिहिल्याशिवाय ते नोंदवू नये.

हा शब्दांचा कीस वाटेल. म्हणून पन्हाळ्याचेच उदाहरण नीट पाहू.

सिद्दी जौहरने मार्च १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घातला. भर पावसाळ्यात, १२ जुलैच्या रात्री महाराज गडावरून निसटले. शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसला, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदलांच्या लोकांनी शत्रूला अडवून धरले, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तलवार, चिखल, पालखी, मशाली. चित्र अगदी 'मध्ययुगीन' वाटते. पण त्या वेढ्यात आणखी एक मंडळी होती, ती आपण विसरतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपले लोक, उखळी तोफ आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला आला होता आणि इंग्रजांचे निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. याचे उट्टे महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरावर चालून जाऊन काढले आणि रेव्हिंग्टनला कैदेत टाकले.

आता गंमत पाहा. ही कंपनी १६०० साली लंडनच्या व्यापाऱ्यांनी भांडवल गोळा करून काढलेली. तिचा इतिहास लिहिणारे युरोपीय विद्वान साधारण १५०० ते १८०० या काळाला 'आरंभीचा आधुनिक काळ' म्हणतात. त्यांच्या रकान्यात क्रॉमवेल आधुनिक, चौदावा लुई आधुनिक, न्यूटन तर आधुनिकच. हे सगळे शिवाजी महाराजांचे समकालीन. म्हणजे तटाबाहेर तोफ डागणारा रेव्हिंग्टन आधुनिक आणि तटाच्या आत उभे असलेले महाराज मध्ययुगीन! एकच डोंगर, एकच पाऊस, एकच लढाई, आणि युगे दोन. ज्ञानजालात एकच शब्द बसत असेल तर कोणाचा बसवायचा?

हे तीन कप्पे आले कुठून, तेही पाहू. प्राचीन, मध्य आणि आधुनिक ही वाटणी युरोपातली. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्रिस्टोफ सेलारियस या जर्मन पंडिताने ती आपल्या पाठ्यपुस्तकांतून रूढ केली. रोमचे वैभव एका बाजूला, विद्येचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजूला, आणि या दोहोंच्या मधला तो 'मध्य'. युरोपच्या कथेत त्याला अर्थ आहे. आपल्याकडे १८१७ मध्ये जेम्स मिल याने हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. हा गृहस्थ हिंदुस्थानात कधीही आला नव्हता. त्याने हिंदू, मुस्लिम आणि ब्रिटिश असे तीन भाग केले. पुढे या भागांची नावे बदलून प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक झाली. पाट्या बदलल्या, भिंती बऱ्याच अंशी त्याच राहिल्या. त्यातून 'मध्ययुगीन' हा शब्द नुसता काळ सांगत नाही. वर्तमानपत्रात 'मध्ययुगीन मानसिकता' असे वाचले की ती शिवी आहे हे आपल्याला कळते. म्हणजे रकान्यात एक शब्द टाकताना आपण त्याच्यासोबत एक शेराही टाकत असतो.

बरे, आपल्याकडचे मध्ययुग संपते कधी? कोणी १७०७ म्हणतात, कारण त्या वर्षी औरंगजेब गेला. कोणी १७५७ म्हणतात, प्लासी. कोणी १७६१, पानिपत. आणि कोणी १८१८, पेशवाईचा शेवट. समजा, १७०७ धरले. औरंगजेब वारला १७०७ च्या सुरुवातीला. त्याच वर्षी ऑक्टोबरात खेडला ताराबाईंचे सैन्य आणि शाहू महाराजांचे सैन्य समोरासमोर आले. धनाजी जाधव हे मोगलांशी वर्षानुवर्षे झुंजलेले सेनापती ताराबाईंकडून तिथे गेले आणि शाहूंना मिळाले. आता रेघ १७०७ वर मारली तर धनाजीराव पावसाळ्याआधी मध्ययुगात लढत होते आणि दिवाळीच्या सुमाराला आधुनिक झाले! तोच घोडा, तीच तलवार, तेच स्वार. नियम लावायचा म्हटला की तो असा हास्यास्पद होतो.

आपल्या माणसांनी हेच कप्पे निमूटपणे वापरले असेही नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांचे काम आठवा. 'मुसलमानी रियासत', 'मराठी रियासत' आणि 'ब्रिटिश रियासत'. त्यांनी काळाचे नव्हे, सत्तांचे कप्पे केले. याचा एक मोठा फायदा आहे. काळाचे कप्पे एकापुढे एक येतात, एक संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. सत्तांचे कप्पे मात्र एकमेकांवर चढलेले असू शकतात. १७०० साली दिल्लीचे बादशहा, मराठे आणि इंग्रज कंपनी तिघेही होते, आणि पन्हाळ्याच्या वेढ्यातही आदिलशाही, मराठे आणि इंग्रज तिघे होतेच. आणि या रियासतींच्या मालिकेला सरदेसायांनी नाव काय दिले होते? 'हिंदुस्थानचा अर्वाचीन इतिहास.' अर्वाचीन! म्हणजे जे सातवीच्या पुस्तकात मध्ययुगीन आहे, ते रियासतकारांच्या मुखपृष्ठावर अर्वाचीन होते. दोघांनाही घटना त्याच माहीत होत्या. फरक घटनांत नाही, पाहणाऱ्यात आहे. मग पाहणाऱ्याचे नाव नोंदीत नको का?

आणि काळाबरोबर जागाही बदलते. पुण्याच्या दृष्टीने १८१८ ला एक जग संपले. आमच्या कोल्हापूरकडून पाहा. इथले राज्य १७३१ च्या वारणेच्या तहाने साताऱ्याहून वेगळे ठरले. इंग्रजांशी त्याचा तह १८१२ मध्येच झाला. १८१८ नंतरही ते राहिले आणि मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ ला. त्यामुळे १८१८ ही रेघ इथे त्याच जागी पडत नाही.

या काळातली एक लढाई मला नेहमी खुणावते. १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव. सामानगड, भुदरगड, पन्हाळा या किल्ल्यांवरचे पिढीजात गडकरी उठले. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला त्यांनी पन्हाळ्यावर कोंडून ठेवले. शेवटी इंग्रजांनी तोफा लावून १ डिसेंबर १८४४ ला पन्हाळा घेतला. किल्ला, वेढा, तटाला पडलेले भगदाड, वतनदार शिपाई. रूप पाहाल तर १६६० सालचेच. पण कारण? इंग्रजांच्या देखरेखीखाली दाजी कृष्ण पंडित कारभार पाहू लागले आणि गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार किल्ल्यांकडून काढून मामलेदारांकडे देण्यात आला. महसुली कचेरी, नवी व्यवस्था, त्यातून पोटावर पाय येण्याची भीती. कारण पाहाल तर पूर्ण आधुनिक! त्यानंतर नऊ वर्षांनी, १८५३ मध्ये, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. या उठावाला 'मध्ययुगीन' म्हटले तर कारण दडते, 'आधुनिक' म्हटले तर रूप दडते. आणि कोणी नुसते '१८५७ च्या आधीचे' म्हणून मोकळे झाले तर गडकरी स्वतःच दडतात.

इथे भाचीने एक चांगला मुद्दा काढला. म्हणाली, "मावशी, तारखासुद्धा वादाच्या असतातच की. मग तारीख माहिती आणि युग मत, असं कसं?" मुद्दा रास्त आहे, पण त्याचे उत्तर माझ्याच बाजूने जाते.

महाराज पन्हाळ्यावरून निसटले ती तारीख आपण १२-१३ जुलै १६६० सांगतो. ही इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या दिनगणनेप्रमाणे. पोर्तुगीजांनी नवी दिनगणना १५८२ पासूनच घेतली होती, इंग्रजांनी ती १७५२ मध्ये घेतली. दोहोंत तेव्हा दहा दिवसांचे अंतर होते. राजापूरचा इंग्रज ज्या दिवसाला १३ जुलै म्हणेल, त्याच दिवसाला गोव्याचा पोर्तुगीज २३ जुलै म्हणेल. आपल्या पंचांगाप्रमाणे तो काळ शके १५८२, शार्वरी संवत्सर, आषाढ. मोडी कागदात सुहूर सन असेल तर 'इहिदे सितैन अलफ', म्हणजे १०६१, आणि ते वर्ष मृग नक्षत्राला सुरू झालेले. चार गणना, चार आकडे, पण सगळे एकाच दिवसाकडे बोट दाखवतात. गणित केले की एकाचे दुसऱ्यात रूपांतर होते.

विकिडेटाने हे ओळखले आहे. तिथे तारीख लिहिताना ती जुन्या दिनगणनेची की नव्या, हे सांगता येते. नेमका दिवस ठाऊक नसेल तर नुसता महिना किंवा वर्ष देता येते. दोन अभ्यासकांच्या दोन तारखा असतील तर दोन्ही आपापल्या आधारासह ठेवता येतात. तारखेसारख्या सरळ गोष्टीला 'कोणत्या पंचांगाप्रमाणे?' असे विचारण्याची तसदी आपण घेतो. मग युगासारख्या घोळदार गोष्टीला 'कोणाच्या म्हणण्याप्रमाणे?' एवढे विचारायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट मनात येते. १६७४ च्या राज्याभिषेकापासून महाराजांनी स्वतःचा शक सुरू केला. म्हणून आपण त्यांना शककर्ते म्हणतो. ज्याने काळ मोजण्याची रीतच नव्याने सुरू केली, त्याला दुसऱ्या कोणाच्या युगाच्या डबीत न विचारता बंद करून टाकायचे, यात मला थोडा उद्धटपणा दिसतो. भावनेचा मुद्दा आहे म्हणा, पण नोंदीचाही आहे. राज्याभिषेक शक ही त्या काळाने स्वतःला दिलेली ओळख आहे, आणि ज्ञानजालात तिलाही जागा हवी.

आता विरुद्ध बाजू. कप्पे नसतील तर शोधायचे कसे? शिक्षकाला सतराव्या शतकातली भारतातली युद्धे हवी असतील तर? त्याला युगाचा शिक्का लागतच नाही. युद्धाची सुरुवात, शेवट आणि ठिकाण नीट लिहिलेले असेल तर १६०० ते १७०० मधली युद्धे यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काढून देईल. आपण फळ्यावर कप्पे आखत होतो, कारण आपल्याला हजार तारखा डोक्यात ठेवता येत नव्हत्या. यंत्राला तो त्रास नाही. त्याला कप्पे आयते देण्याऐवजी हवे तेव्हा आखू द्यावेत.

दुसरा उपाय काही जण सुचवतात, की सगळ्या जगाला 'आरंभीचा आधुनिक' हीच पाटी लावा, म्हणजे महाराज आणि रेव्हिंग्टन एकाच रांगेत येतील. ऐकायला बरे वाटते. पण तीही युरोपचीच पट्टी, फक्त थोडी लांब केलेली. जपानात १६१५ च्या ओसाकाच्या वेढ्यापासून १८६८ पर्यंत मोठे युद्धच जवळजवळ झाले नाही. त्यांचे कप्पे त्यांच्या इतिहासातून निघालेले आहेत. आपले आपल्यातून निघावेत.

तिसरा आक्षेप म्हणजे, प्रत्येकाचे मत लिहीत बसलो तर गोंधळ होईल. होणार नाही. पिरियडओ नावाचा एक उपक्रम नेमके हेच करतो. तिथे प्रत्येक कालखंडाच्या नोंदीत त्याचे नाव, तो कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या प्रदेशासाठी आणि हे कोणी कोणत्या ग्रंथात म्हटले, एवढे असते. एकाच नावाच्या दोन वेगळ्या व्याख्या शेजारी शेजारी सुखाने नांदतात. आपल्या यादीतही असे लिहिता येईल: पन्हाळ्याचा वेढा, सातवीच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे मध्ययुगीन, सरदेसायांच्या मांडणीत अर्वाचीन, युरोपीय व्यापाराच्या इतिहासात आरंभीचा आधुनिक, मराठी वापरात शिवकाल. चार ओळी जास्त. पण वाचणाऱ्याला एका शब्दाऐवजी एक प्रश्न मिळतो, आणि प्रश्न मिळाला की इतिहास सुरू होतो.

कोणी म्हणेल, एवढा आटापिटा एका रकान्यासाठी? हो, कारण उद्या माझी नातवंडे पुस्तक उघडणार नाहीत. ती फोनला विचारतील, "शिवाजी महाराजांची युद्धं कोणत्या काळातली?" आणि फोन कोणताही संकोच न करता एक शब्द सांगेल. पाठ्यपुस्तकावर निदान मंडळाचे नाव छापलेले असते, ते बदलले तर वर्तमानपत्रात चर्चा होते. ज्ञानजालातला शब्द कोणी, कधी, कशाच्या आधारे भरला, हे ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत येतच नाही. मत एकदा माहितीच्या वेषात शिरले की बाहेर काढणे फार अवघड!

विकिडेटावर कोणालाही नोंद करता येते. तुमच्या गावाजवळ एखादा किल्ला, गढी, रणखांब किंवा वीरगळ असेल तर तिथल्या लढाईची नोंद जरूर करा. कोण लढले, कुठे, केव्हा, आणि हे तुम्हाला कोणत्या कागदावरून किंवा ग्रंथावरून कळले, एवढे लिहा. शकाचा उल्लेख सापडला तर तोही टिपा. युगाच्या रकान्यापाशी आलात आणि 'कोणाच्या मते' हे लिहायला जागा दिसली नाही, तर तो रकाना खुशाल कोरा सोडा. कोऱ्या रकान्याकडे पाहून पुढचा कोणीतरी "असं कसं?" म्हणून विचारील तरी.